लग्नातलं जेवण उरलं? फोन उशिरा करू नका, आणि भाताची ही चूक टाळा

आम्ही ठाण्यात समारंभांतलं उरलेलं जेवण गोळा करून गरजूंना वाटतो. लग्नाच्या सीझनमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त फोन रात्री साडेबाराला येतात. "ताई, दीडशे माणसांचं जेवण आहे, लगेच या, हॉल बंद करायचाय." जेवण तयार झालेलं असतं आठला. घोडबंदर रोडवर गायमुखपाशी ट्रकांची रांग लागलेली, पोचेपर्यंत दोन वाजतात. तेव्हा झोपेतून उठवून कुणाला जेवू घालणार?

खरं तर साडेनऊलाच केटररला अंदाज आलेला असतो. तो ताटं मोजतच असतो. फक्त यजमानांसमोर 'उरणार' म्हणायची त्याला चोरी. म्हणून हॉल बुक करतानाच केटररला सांगून ठेवा: साडेनऊला आकडा कळव, आणि किचनमधून बाहेर न आलेले टोप वेगळे ठेव. काउंटरवर तीन तास उघडं पडलेलं आम्ही नेत नाही.

दुसरी चूक भाताची, आणि ती आम्हीच केली होती. वागळे इस्टेटजवळच्या एका हॉलमधून जिरा राईसचे दोन मोठे टोप उचलले. वाफाळता भात, वर घट्ट झाकण, भोवती चादर. गरम राहील म्हणून आम्ही खूश. पुढे दोन ठिकाणी थांबत कळव्याला पोचायला जवळजवळ चार तास गेले. झाकण काढलं तर कडेनं पाणी सुटलेलं, तळाशी भात बुळबुळीत आणि आंबूस वास. सगळा फेकला. टेम्पोचं भाडं गेलं ते वेगळंच.

शिजवल्यानंतरही भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तग धरून असतात. ५ ते ६० अंशांच्या मधे भात रेंगाळला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे 'एक वाफ काढून वाटू' हा उपाय नव्हेच. चव किंवा वास ठीक आहे म्हणजे भात चांगला, असंही नाही. एकतर भात ६० अंशांच्या वर कढत ठेवा, नाहीतर परातींत पातळ पसरून पंख्याखाली निववा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. फ्रिज नसेल तर दोन तासांत लोकांच्या पोटात गेला पाहिजे.

कोशिंबीर, मठ्ठा, ओल्या खोबऱ्याची चटणी देऊच नका. पोळ्या, पुऱ्या, जिलेबी खुशाल द्या.

ताटातलं उष्टं गोळा करून "भुकेल्याला चालतं" म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी सरळ नाही म्हणते.

"कुणाला काही झालं तर केस होईल," ही केटररची भीती खोटी नाही. पण उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत. त्यांना धरून आम्ही प्रत्येक डब्यावर मास्किंग टेपची पट्टी लावतो: पदार्थ, व्हेज की नॉनव्हेज, किती वाजता केला. पट्टी नसलेला डबा गाडीत चढत नाही.

आणि १०९८ ला फोन करू नका. 'उरलेलं जेवण न्यायला येतात' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तो नंबर संकटातल्या मुलांसाठी आहे. तुमच्या पुलावापायी एखाद्या मुलाचा फोन लागायचा राहील.

शेवटची अडचण अन्न जास्त झाल्याची. गेल्या पितृपक्षात एका हॉस्पिटलच्या गेटबाहेर आमच्याआधी तीन गाड्या येऊन गेल्या होत्या. पेशंटसोबत आलेल्या एक आजी पुढे आल्या, डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सकाळपासून पुरीभाजीच चाललीय रे बाळा. साधा वरणभात नाही का?" आता निघण्याआधी आम्ही गेटसमोरच्या चहावाल्याला फोन करतो. तो "आज नको, नाक्यावर न्या" म्हणाला, की गाडी तिकडे वळते.