कम्युनियन घेऊन लगेच गाडी काढू नका

वसईत कुठल्याही चर्चबाहेर रविवारी सकाळी उभे राहा, आत शेवटचा आशीर्वाद व्हायचाय आणि बाहेर स्कूटर चालू. मासळी संपेल, पाहुणे येतील, सगळं समजतं. पण ख्रिस्तप्रसादाची (म्हणजे कम्युनियनची, मिस्सेच्या उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीची) ओढ वाढवायचीय ना, मग नवीन नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) वगैरे नंतर बघू, आधी कम्युनियननंतरची दहा मिनिटं सांभाळा असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण चर्चची शिकवणच अशी आहे की भाकरीचं रूप शिल्लक असेपर्यंत ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो. सोळाव्या शतकातले रोममधले धर्मगुरू सेंट फिलिप नेरी, त्यांची गोष्ट सांगतात, एक माणूस कम्युनियन घेऊन सरळ बाहेर पडायचा तर त्यांनी त्याच्यामागे पेटत्या मेणबत्त्या घेऊन दोन मुलं पाठवली, म्हणजे साक्रामेंत (ख्रिस्तप्रसाद) रस्त्याने चाललाय तर मान नको का द्यायला!

तर जागेवर या, गुडघे टेका, दुखत असतील तर बसा. पुस्तक उघडू नका. घरात जी बोली बोलता, सामवेदी, वाडवळी, कोळी, त्यातच बोला, एका गोष्टीचे आभार माना, एक मागा, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव घ्या (हे जड जातं, पण घ्या). लक्ष उडालं तर परत आणायचं, त्यात काय एवढं.

ख्रिस्तप्रसाद हातात घेत असाल तर डावा तळहात वर, उजवा खाली, आणि तिथेच फादरांसमोर तोंडात घालायचं, चालता चालता नाही. मग तळहाताकडे एकदा बघा, कण राहिला असेल तर तोही घ्या. गंभीर पाप मनावर असेल तर आधी कन्फेशन (फादरांकडे पापाची कबुली), त्याला पर्याय नाही.

तयारी शनिवारी रात्रीच करायची. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेतलं शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा उतारा) मोबाईलवर का होईना वाचून झोपा, आणि कधीतरी योहानाच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय सावकाश वाचा, लोक येशूला सोडून जातात तिथे जरा थांबा.

उपास आता फक्त एक तासाचा, तोही कम्युनियनच्या आधीचा, म्हणजे मोठ्या प्रवचनातच निघून जातो. पाणी आणि औषध चालतं, म्हाताऱ्या-आजारी माणसांना सूट आहे. आपल्या आज्या मध्यरात्रीपासून उपाशी यायच्या. 1957 मध्ये तो तीन तासांवर आला आणि 21 नोव्हेंबर 1964 ला पोप पॉल सहावे यांनी एक तास केला, आणि पुढच्याच आठवड्यात मुंबईत युखारिस्तिक काँग्रेस (ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानाचा जागतिक मेळावा) सुरू झाली, तिला ते स्वतः आले होते. जमत असेल तर घरून निघतानाचा चहा-बटरही सोडा, भूक असली की कशासाठी चाललोय ते लक्षात राहतं.

आठवड्यात काय? लोकलने दमून उतरलात आणि वाटेतलं चर्च उघडं असलं तर पाच मिनिटं आत जा, टॅबरनॅकलजवळचा (ख्रिस्तप्रसाद ठेवतात त्या पेटीजवळचा) लाल दिवा जळतोय म्हणजे ख्रिस्त तिथे आहे, नुसतं बसलात तरी चालेल. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची आराधना बहुतेकांना माहीतच असते. कोळी बांधवांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा रोजच्या मिस्सेची सवय लावून बघा. एरवी समुद्रात असताना किंवा नाईट शिफ्टला मिस्सेच्या वेळी मनातल्या मनात म्हणा, प्रभू, आत्ता येता येत नाही, तूच ये.

घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर फादरांना सांगून ख्रिस्तप्रसाद घरी मागवा. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा पेला ठेवा, टीव्ही आधीच बंद करा, आणि पोरांनाही त्या खोलीत बोलवा.