चौकातला जुना सिग्नल एलईडीवर घ्यायचाय? मग आधी दिवे चालू-बंद करणारा कंट्रोलर बघा

आधी हिशोब. चार रस्त्यांचा चौक, प्रत्येक बाजूला दोन असे ८ सिग्नल, प्रत्येकात एका वेळी एकच दिवा चालू. १०० वॉटचे बल्ब असतील तर ८०० वॉट सतत जळतायत, १२ वॉटचे एलईडी टाकले तर ९६. १८ तास सिग्नल चालला तर रोज १४ युनिटच्या वर जायचे तिथे पावणेदोनच्या आत भागतं. बल्बचा बराचसा उजेड लाल काचेतच अडतो, एलईडी मुळातच लाल पेटतो, म्हणून एवढा फरक.

पैसे कमी असतील तर लाल आधी बदला, तोच सगळ्यात जास्त वेळ चालू असतो. पिवळा जेमतेम ३ सेकंद, तो शेवटी.

जुन्या होल्डरमध्ये घरातला एलईडी बल्ब फिरवून मोकळं होऊ नका प्लीज. दिव्याचा व्यास २०० एमएम की ३०० ते मोजून पूर्ण मॉड्यूल, म्हणजे लेन्ससकट अख्खा एलईडी दिवा घ्या आणि बल्बमागचा जुना रिफ्लेक्टर काढाच, कारण पश्चिमेकडे तोंड असलेल्या सिग्नलवर संध्याकाळचं ऊन पडलं की त्या रिफ्लेक्टरमुळे बंद दिवासुद्धा पेटल्यासारखा दिसतो आणि माणूस हिरवा समजून गाडी घालतो.

आता कंट्रोलर. बरेच कंट्रोलर लाल दिव्याचा करंट बघून दिवा शाबूत आहे का ते ठरवतात, एलईडी इतका कमी करंट घेतो की कंट्रोलरला वाटतं दिवा उडाला आणि तो अख्खा चौक ब्लिंकरवर टाकतो. आमच्याकडे हे झालंय, रात्रभर खपून मॉड्यूल बसवले आणि सकाळी ऐन शाळेच्या बसच्या वेळेला चारही बाजूंना पिवळे लुकलुकायला लागले, पोरं रस्ता ओलांडतायत आणि आम्ही पॅनल उघडून बसलोय. उलटंही होतं, बंद असलेला हिरवा मंद मिणमिणत राहतो, कारण स्विच बंद असताना जो जरासा करंट गळतो त्याने बल्ब पेटत नाही पण एलईडीला तेवढा पुरतो. म्हणून एक मॉड्यूल आधी टेबलावर त्याच कंट्रोलरला जोडून बघा, लागलंच तर सेटिंग बदला नाहीतर लोड रेझिस्टर, म्हणजे दिव्याला समांतर जोडलेला, थोडा जादा करंट खेचणारा रोधक टाका.

काम पहाटे, ट्रॅफिक पोलिसांना आधी सांगून. एमसीबी पाडला तरी टर्मिनलला टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नाही. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडा, नवीनच, जुनं दाबून बसवलं तर पहिल्या पावसात आत पाणी. अर्थिंग तपासा आणि सर्ज प्रोटेक्टर बसवा, नाहीतर वळवाच्या विजांमध्ये मॉड्यूल जातात.

एलईडी बहुतेकदा एकदम जात नाही, हळूहळू मंद होतो, त्यामुळे कोणी तक्रारच करत नाही. सहा महिन्यांनी लेन्स पुसा आणि भर दुपारी १०० मीटरवरून उभं राहून बघा. काढलेले चांगले बल्ब फेकू नका, ज्या चौकांचं काम बाकी आहे तिथे स्पेअर म्हणून लागतात.