बेळगावात खाऱ्या पाण्याचा टँक लावताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

पहिला टँक लावला तेव्हा जून महिना होता आणि डोक्यात एकच हिशोब, समुद्र आपल्यापासून लांब कुठाय, सकाळी आंबोलीतून खाली उतरलं की वेंगुर्ला, कॅन भरायचे आणि संध्याकाळपर्यंत घरी. वीस लिटरचे सात कॅन नेले, भरले कुठं तर खाडीच्या तोंडाजवळ, कारण तिथपर्यंत गाडी जात होती. पाऊस सुरू झालेला, खाडीतनं गोडं पाणी येतंय हे दिसत होतं पण डोक्यात शिरलं नाही. नंतर मित्राच्या मीटरवर पाण्याची घनता (साध्या पाण्याच्या किती पट जड, त्यावरून मीठ कळतं) बघितली तर १.०१४. पाहिजे असतं १.०२५ च्या आसपास, म्हणजे समुद्राच्या निम्म्याहून थोडंच जास्त मीठ. त्या पाण्याला चौथ्या दिवशी वास आला, पाचव्या दिवशी दुकानदार म्हणाला "घाला हो सर, पाणी बसलंय आता", मी दोन क्लाऊनफिश घातले आणि आठव्या दिवशी दोघंही तळाला.

किनाऱ्याचं पाणी वाईटच असतं असं मी म्हणत नाही, पण त्यात जे बारीक जीव असतात ते बंद कॅनमध्ये घाटातून चार तास हिंदकळत येताना मरतात आणि कुजायला लागतात, वर बोटींचं डिझेल आणि गावाचं सांडपाणी वेगळंच. आपल्यासारख्या घाटावरच्या माणसानं पिशवीतलं मरीन सॉल्ट घ्यावं आणि घरी पाणी बनवावं. समुद्रावर फिरायला जावा, कॅन नेऊ नका.

आता यूट्यूबवर जे सांगतात ते एकतर मुंबई-कोचीचं असतंय नाहीतर अमेरिकेचं. आपल्याकडचं पाणी वेगळं, थंडी वेगळी, लाईट जाण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळं चुकाही आपल्या वेगळ्या आहेत. त्याच लिहितोय.

पाणी: नळ, बोअर, पत्रा आणि एसी

राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे, पण त्यात क्लोरीन असतंय आणि जे काय विरघळलेलं असतं त्यातनं पुढं शेवाळाचीच सोय होते. बोअरचं तर विचारू नका, आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ६४० आला. मग म्हटलं घरात आरओ आहेच की, त्याचं वापरू. तर त्याचा आला ४८. घरच्या आरओत चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचा एक व्हॉल्व्ह असतो, तो आपल्या कामाचा नाही. तो बंद करा आणि पुढं एक डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडा, मीटरवर शून्य येईपर्यंत. टीडीएस मीटर स्वस्त असतो, तो आधी घ्या, मासे नंतर.

पावसाळ्यात आपल्याकडं फुकटचं पाणी धो धो पडतंय म्हणून पत्र्याखाली ड्रम लावणारे आहेत. मीही लावलाय. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, ते पाण्यात उतरतंय. एसीच्या नळीतलं पाणी "एकदम शुद्ध डिस्टिल्ड" म्हणून वापरायला सांगणारेही भेटतील, ते तांबं आणि अॅल्युमिनियमवरून ठिबकत आलेलं असतं, आणि तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगाय, कोरल या सगळ्यांना थेट विष. याच कारणानं घरातल्या तांब्या-पितळेच्या हंड्यात मिठाचं पाणी कालवू नका. हसू नका, मी कालवलेलं, कारण घरात तेवढं मोठं दुसरं भांडंच नव्हतं. झाकणाचा फूड ग्रेड प्लास्टिक ड्रम घ्या.

मीठ कालवताना

१०० लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो मीठ लागतंय, ब्रँडप्रमाणं थोडं कमीजास्त. आधी पाणी, मग मीठ, थोडं थोडं, आणि खाली एक पंप फिरता ठेवून. उलटं केलं, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं, की कॅल्शियम खडूसारखं खाली बसतंय आणि पाणी दुधट होतं ते परत सुधारत नाही. खायचं मीठ चालत नाही हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं, पण दोघांनी विचारलंय, म्हणून सांगतो, चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट यातलं कामापुरतं काहीच नसतं.

मोजायला तो काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर घेतला तर काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातनं उजेड कसा वाकतो त्यावरून मीठ दाखवणारा) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर जुळवून घ्या.

आणि ही चूक मार्च ते मे मध्ये हमखास होते: पाणी आटलं म्हणून मिठाचं पाणी घालणे. आटतंय ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतंय. वरून घालायचं ते गोडं आरओचं, रोज, काचेवर मार्करनं रेघ मारून तिथपर्यंत. उन्हाळ्यात वर फॅन लावला तर ते अजून जोरात आटतं, आमच्याकडं एकदा आठवडाभर लग्नाला गेलो आणि येऊन बघतो तर १.०३१.

दगड

खानापूर, चंदगडकडं जाताना जांभा दिसतो, भोकाभोकांचा, बघितला की वाटतं हाच लाईव्ह रॉक, म्हणजे जीवाणू वसलेला टँकातला दगड. नाही. तो लाल रंग लोखंडाचा आहे आणि ते टँकात सुटणं म्हणजे शेवाळाला खतच. काळा दगड काही बिघडवत नाही पण त्याला भोकं नाहीत, आणि जीवाणूंना राहायला भोकंच पाहिजेत. अॅरॅगोनाईटचा (कोरल ज्या चुन्याचं बनतं त्याचा) सुका रॉक आणि त्याचीच वाळू घ्या, महाग वाटेल पण एकदाच.

मालवण किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीवरून कोरलचा तुकडा "आठवण म्हणून" आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये दगड बनवणारे सगळे कोरल पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा असला तरी तोच कायदा.

वजनाचं एक वाक्यात: २०० लिटरचा टँक काच, दगड, स्टँड धरून पावणेतीनशे किलोच्या पुढं जातो, त्यामुळं जुन्या कौलारू घराच्या लाकडी माळ्यावर तो चढवू नका.

सायकल, म्हणजे जिथं सगळे घाई करतात

"काय करूलालास रे, रिकामी पेटी बघत बसलायस?" हे आईनं मला सलग पाच आठवडे विचारलंय. उत्तर असं की पेटी रिकामी नाही, दगडावर जीवाणू वाढायलेत. माशाच्या शीतनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया होतो, एका जातीचे जीवाणू त्याचा नाइट्राइट करतात, दुसरे नाइट्राइटचा नाइट्रेट करतात. हे दोन्ही पुरेसे वाढणं म्हणजे सायकल, त्याला साधारण चार ते सहा आठवडे जातात. गोड्या पाण्यात ज्यांनी "मासे घालून सायकल" केलीय त्यांना वाटतं इथंही चालेल. पण आपल्या टँकचा पीएच ८.२ असतो, आणि ७ पीएचच्या मानानं तिथं त्याच अमोनियातला विषारी हिस्सा दहा-पंधरा पटींवर जातो. कल्ले जळतात माशाचे. डॅमसेल नावाचे छोटे मासे चिवट असतात म्हणून ते घालून सायकल करायचा सल्लाही मिळतो, ते जगतील पण नंतर टँकचे मालक तेच होतील आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतील.

मग अमोनिया आणायचा कुठनं? नवसागर. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच, अमोनियम क्लोराईड. फक्त बाजारातला नवसागर मळका असतो, कॉलेजच्या लॅबला सामान देणाऱ्या दुकानातनं लॅब ग्रेड घ्या. १०० लिटरला २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन) अमोनिया करायला साधारण ०.६ ग्रॅम लागतो, आता घरच्या काट्यावर ०.६ कसा मोजणार, म्हणून ६ ग्रॅम मोजून १०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिली घाला. झालं. सुंगटं (कोळंबी) घालूनही होतंय, मासळी मार्केटातलं एक सुंगट जाळीत बांधून सोडायचं, पण किती अमोनिया सुटला ते हातात राहत नाही आणि घरात वास असा येतो की टँक गच्चीवर जायची पाळी येते.

सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा, थेंबांची किट, पट्ट्या नकोत. लाईट बंद ठेवा, जीवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो. बाटलीत मिळणारे जीवाणू घातले असतील तर स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्हीचा दिवा पहिले काही दिवस बंद.

आता कुठं अडकतं ते सांगतो.

अमोनिया तीन आठवडे झाले तरी खाली येत नाही: पाच पीपीएमच्या वर घालून बसला असाल, तेवढ्यात जीवाणूच मंदावतात, निम्मं पाणी बदला. नाहीतर पाणी थंड असेल. नाहीतर बाटलीतले जीवाणू मेलेले असतील, एप्रिल-मेमध्ये ती बाटली कुरिअरच्या गोदामात पत्र्याखाली दोन दिवस पडून आली असली तर तुम्ही रंगीत पाणी विकत घेतलंय असं समजा आणि नैसर्गिकपणे होऊ द्या.

नाइट्राइट वर जाऊन तिथंच बसलाय: याला सगळे घाबरतात. किटचा रंग शेवटच्या खान्यात गेला की खरा आकडा किती हे कळतच नाही, नमुना निम्मा आरओच्या पाण्यात पातळ करून परत करा आणि येईल त्याला दोननं गुणा. अजून नवसागर घालत राहू नका, थांबा. खरं सांगायचं तर खाऱ्या पाण्यात क्लोराईड भरपूर असल्यामुळं नाइट्राइट माशाला गोड्या पाण्याएवढा बाधत नाही, पण तो शून्य झाला म्हणजे दुसरी फौज तयार झाली हे कळतं, म्हणून तो बघायचा.

नाइट्रेट एकदम शंभर दाखवतोय: नाइट्राइट अजून असेल तर तो आकडा खोटा. नाइट्रेटची किट आधी नाइट्रेटचा नाइट्राइट करूनच मोजते, मग पाण्यात आधीचा जो नाइट्राइट आहे तोही त्यात धरला जातो. नाइट्राइट शून्य झाल्याशिवाय ही टेस्ट करून थेंब वाया घालवू नका.

काचेवर, वाळूवर तपकिरी पावडर बसली: डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. बहुतेक सगळ्यांच्या टँकात येतं, काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. यासाठी औषध घालायचं नाही, म्हणजे नाहीच. माशाच्या दुकानातली बरीच औषधं तांब्याची असतात आणि तांबं दगडात मुरून बसतंय.

सायकल संपली हे कॅलेंडरवरून ठरवू नका. परत २ पीपीएम घाला, २४ तासांनी अमोनिया आणि नाइट्राइट दोन्ही शून्य आले तर संपली. एक पीपीएम अमोनियाचं शेवटी साडेतीनच्या वर नाइट्रेट होतं, तेवढं साठलेलं काढायला ३०-४० टक्के पाणी बदला, आणि त्यानंतर मासा.

थंडी, लाईट आणि डासांची मशीन

मुंबईवाले चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्या म्हणतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या खाली जातो, आपल्याला आधी हीटर पाहिजे, लिटरला एक वॅट धरून, पाणी २५-२६ वर ठेवायला. माझी दुसरी सायकल नोव्हेंबरमध्ये लावलेली, हीटर "नंतर घेऊ" म्हणून, आणि ती जवळजवळ अडीच महिने रेंगाळली.

पावसाळ्यात झाड पडलं की लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पंप चालतो, पण स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह असेल तर पंप गुरगुरतो आणि तापतो, साईन वेव्हवाला बघून घ्या. निदान सेलवरचा एक एअर पंप कपाटात ठेवाच, लाईट गेल्यावर मासे भुकेनं मरत नाहीत, ऑक्सिजन संपून मरतात.

आणि ज्या खोलीत टँक आहे तिथं डासांची मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे नको. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, आणि त्या औषधानं झुरळ मरतं तशी कोळंबीही मरते, दोघं लांबचे नातेवाईकच आहेत.

पहिला मासा

एकच, फार तर क्लाऊनची जोडी, आणि शक्यतो हॅचरीत वाढवलेली, सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) आपल्याकडं क्लाऊनचं प्रजनन कधीच जमवलंय त्यामुळं समुद्रातनं पकडलेला घ्यायचं काही कारण नाही. एक साधी वेगळी पेटी करून चार आठवडे त्यात ठेवा, पांढरे ठिपके आले तर औषध तिथं करता येतं, मोठ्या टँकात नाही.

आपल्याकडं मासे बरेचदा बेंगळूर किंवा मुंबईहून रात्रीच्या बसमधून पार्सल येतात, पहाटे जाऊन उतरवून घ्यायचे. अशा दहा-बारा तास बंद राहिलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळं आत साठलेला अमोनिया तेवढा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया मारायला लागतो. म्हणून पिशवी फोडून तास-दीड तास थेंब थेंब पाणी सोडत बसायचं, हे गावातल्याच दुकानातनं आणलेल्या माशाला ठीक, बसनं आलेल्याला नाही. पाठवणाऱ्याला आधीच फोन करून "तुमचं पाणी किती पीपीटीचं आहे" विचारा, वेगळ्या पेटीत तेवढंच करून ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, मग उघडून मासा हातानं किंवा छोट्या डब्यानं उचलून सरळ आत. पिशवीतलं पाणी पेटीत नाही, मोरीत ओतायचं. तुळशीत नको. आमची गेली.