लक्ष्मीपूजनाची रात्र, ठाण्यातली गच्ची आणि एफ/११

पहिल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या मैत्रिणीच्या इमारतीच्या गच्चीवरून मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोनशेच्या वर फोटो काढले. ठेवण्याजोगा एकही निघाला नाही. सगळे बाण पांढरेफटक. शटरचा वेळ तीस सेकंदांवरून दहावर, दहावरून चारवर आणला. टॉवर काळे पडत गेले, बाण मात्र तेवढेच पांढरे.

कारण उमगायला वर्ष गेलं. ठिणगी सेन्सरवरच्या एका जागी क्षणभरच असते, लगेच पुढे सरकते. म्हणून तिची चमक ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं) आणि आयएसओवर (उजेडाला कॅमेरा किती तीव्र प्रतिसाद देतो) ठरते, शटर किती वेळ उघडं आहे यावर जवळपास नाहीच. शटरच्या हातात दोन गोष्टी: खिडक्या-रस्ते किती उजळतील आणि एका फ्रेममध्ये किती बाण मावतील. नव्याने शिकणाऱ्याने एवढं आधी पक्कं करावं. मी आयएसओ १०० आणि एफ/११ वर सुरुवात करते, फटाके लांब असतील तर एफ/८, म्हणजे जरा मोठं छिद्र. कॅमेरा बल्ब मोडवर, म्हणजे आपण मिटेपर्यंत शटर उघडं; हातात रिमोट. बाण सुटला की शटर उघडायचं, फूल विझलं की मिटायचं. बहुतेकदा तीन ते सहा सेकंद लागतात.

फोकस दूरच्या टॉवरवरच्या लाल दिव्यावर लावून मॅन्युअलवर टाका, स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो आणि पुढचे बाण हुकतात. ट्रायपॉड गच्चीच्या मधोमध नको. मुलं पळाली की स्लॅब हलतो, आणि दिवाळीत मुलं पळणारच! खाली कॉलम असेल अशा कोपऱ्यात तो स्थिर राहतो. गच्चीच्या चावीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन दिवस आधी भेटा.

खरा त्रास धुराचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. कागदावर दोन तास असले तरी कामाचा पहिला अर्धाच तास. वारा पडलेला असला की नंतरचं प्रत्येक फूल आधीच्या धुरात उमलतं आणि येऊरच्या डोंगराची रेघही पुसली जाते. वारा आपल्या पाठीकडून समोर वाहत असेल ती बाजू निवडा.

एडिटिंगसाठी फाइल रॉच हवी, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची. आधी हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली आणा आणि हिस्टोग्राममधला, म्हणजे उजेडाच्या आलेखातला, लाल चॅनल वेगळा पाहा. स्ट्रॉन्शियमचा तो गर्द लाल रंग सगळ्यात आधी फाटतो, म्हणजे अति उजळून त्यातला तपशील जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) फक्त इमारतींवर, मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून; आकाशावर फिरवलं तर धुराचे मळकट डाग उठतात. शॅडोज (गडद भाग) फार उचलू नका, काळं आकाश काळंच शोभतं.

आकाशात निळाई असते साडेसहाच्या सुमारास, बाण उडतात आठनंतर. म्हणून मी संध्याकाळीच ट्रायपॉड लावते, शहराची एक फ्रेम घेते आणि मग त्याला हात लावत नाही. नंतर बाणांच्या फ्रेम तिच्यावर लेयर म्हणून ठेवून लाइटन मोड लावला की काळं गळून पडतं, उजेड उरतो. त्याच गच्चीवरची, त्याच रात्रीची जोडणी मला मान्य आहे. दुसऱ्या शहराची आतषबाजी ठाण्यावर चिकटवणं नाही. आणि जोडणी केली तर ती सांगायची. गेल्या दिवाळीच्या फोटोखाली मी लिहिलं होतं: साडेसहाची एक फ्रेम, बाणांच्या चार.