मॅग्नेसाईटचं लायनिंग टिकत नाही? या चुका टाळा, आणि आधी गोदाम बघा

सप्टेंबरमध्ये भोसरीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. "साहेब, माल बाद निघाला. नव्या लायनिंगने नऊ हीटसुद्धा काढल्या नाहीत." गेलो. लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, आणि हीट म्हणजे धातू वितळवून ओतायची एक फेरी. भट्टीकडे न जाता आधी गोदाम उघडायला लावलं. मॅग्नेसाईट रॅमिंग मासच्या (ठोकून अस्तर बनवायच्या कोरड्या मिश्रणाच्या) गोण्या थेट कोब्यावर, पत्र्याच्या भिंतीला टेकून रचलेल्या. खालच्या थरातली एक गोणी फोडली. हाताला कोरडी, रवाळ वाळू लागायला हवी होती, तिथे लिंबाएवढे गोळे लागले. एक गोळा दोन बोटांत दाबला तर मैद्यासारखा पांढरा भुगा झाला.

स्टोअरवाले दादा शपथेवर सांगत होते की पावसाचा एक थेंब आत आलेला नाही. ते खरंच बोलत होते. इथे थेंब लागतच नाही, पुण्यातल्या जुलै-ऑगस्टची दमट हवा पुरते.

या मासमधला मुख्य पदार्थ मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साईड. सुमारे २८०० अंश सेल्सियसला वितळणारा हा पदार्थ पाण्याच्या वाफेपुढे मात्र हळवा. वाफ शोषून त्याचं हायड्रॉक्साईड होतं आणि आकारमान दुपटीहून जास्त वाढतं. विटेत हे घडलं तर वीट आतूनच फुटते. रॅमिंग मासमध्ये पहिला बळी बारीक भुकटीचा जातो, कारण तिचा पृष्ठभाग सगळ्यात जास्त. जाड दाणे तसेच दिसतात, म्हणून वरवर बघणाऱ्याला माल ठीकच वाटतो. पण दाण्यांना दाण्यांशी बांधून ठेवणारी तीच भुकटी असते.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवणं. उपयोग शून्य. नुसती ओल ११० अंशांवर जाते, पण हायड्रॉक्साईड मोडायला साधारण ३५० अंश लागतात. "मग भट्टीत मोडेलच की!" हो, मोडेल. पण ती वाफ लायनिंगमधूनच वाट काढणार, जाताना पोकळ्या ठेवणार आणि लायनिंगमागच्या, भट्टी तापवणाऱ्या कॉईलपर्यंत पोचली तर अर्थ लीकेजचा (विजेची गळती दाखवणारा) काटा नाचवणार.

शंका असेल तर सोपी तपासणी आहे. नमुना ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, वजन घ्या. मग १००० अंशांवर तापवून पुन्हा वजन करा. हायड्रॉक्साईडमध्ये वजनाने सुमारे ३१ टक्के पाणी असतं. म्हणजे या दुसऱ्या टप्प्यात ३ टक्के घट आली, तर जवळपास दहावा हिस्सा माल बिघडला असं समजा. तो लायनिंगमध्ये घालू नका, कितीही जीव तुटला तरी.

गोण्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आतली प्लास्टिकची पिशवी अर्धी वापरून उघडी टाकू नका. गोणीवर मार्करने आल्याची तारीख लिहा, जुनी आधी काढा. आणि मे महिन्यात स्वस्त मिळतो म्हणून चार महिन्यांचा साठा करू नका.

दुसरी चूक सवयीची. आपल्याकडचे बहुतेक मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारे कामगार, सिलिका लायनिंगवर तयार झालेले. मोशी-वाघोलीच्या खडी क्रशरला लागणाऱ्या मँगनीज स्टीलच्या जॉ प्लेटची (दगड चिरडणाऱ्या जबड्याच्या प्लेटची) ऑर्डर आली की मॅग्नेसाईट लावावं लागतं, कारण मँगनीजचं ऑक्साईड सिलिका खाऊन टाकतं. लायनिंग बदलतं, हात बदलत नाही. हाताच्या सवयीने बोरिक ॲसिड मिसळलं जातं. सिलिकाला ते हवंच, पण मॅग्नेशियात जास्तीचं बोरॉन गेलं की उच्च तापमानाला ताकद ढासळते. बाइंडर (दाणे बांधणारा पदार्थ) कारखान्यातूनच घालून येतो, वर काही टाकू नका. धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडणारेही मी पाहिलेत. ड्राय रॅमिंग मासवर पाणी! धुळीला मास्क आहे की.

तेच फावडं, तेच घमेलं, पॅचिंगलाही सिलिकाच, असं सर्रास चालतं. मॅग्नेशिया, सिलिका आणि स्लॅगमधला (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीतला) चुना एकत्र आले की १५०० अंशांच्या आसपासच पातळ होणारी संयुगं तयार होतात. तुमचं स्टील त्याहून गरम. वाळू चिकटलेले रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटांत उरलेले तुकडे) तसेच चार्जमध्ये, म्हणजे वितळवायच्या मालात, टाकणं हाही त्याच चुकीचा भाऊ. सिलिका लायनिंगमध्ये ते खपून जायचं, इथे ती वाळू स्लॅगमध्ये जाते आणि स्लॅग लायनिंग चाटतो. आधी शॉट ब्लास्ट करून (छर्‍यांच्या माऱ्याने वाळू झाडून) घ्या.

खरेदीबद्दल थोडक्यात. सर्टिफिकेटवर "९७ टक्के" मॅग्नेशिया वाचून खूश होऊ नका. डेड बर्न्ट (खूप उच्च तापमानाला भाजलेला) आहे की फ्यूज्ड (वितळवून बनवलेला) आहे, दाण्याची घनता किती, चुना आणि सिलिकाचं प्रमाण काय, हे विचारा. चुना सिलिकाच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त असलेला बरा. कमी तापमानाला भाजलेला मॅग्नेशिया टक्केवारीत चोख दिसतो, पण ओल झपाट्याने धरतो.

आता गुरुवार. आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, भट्टी गार. मॅग्नेशिया १५०० अंशांपर्यंत मीटरला जवळपास २ सेंटिमीटर प्रसरण पावतो, गार होताना तेवढाच आकसतो, म्हणून भेगा पडणारच. भेगांनी घाबरू नका. घोटाळा होतो शुक्रवारी सकाळी, डिस्पॅचच्या घाईत फुल पॉवर दिली की. भेगा मिटण्याआधी धातू वितळतो आणि आत शिरतो. कमी पॉवरवर चार्ज लाल होऊ द्या, लायनिंगला फुगायला वेळ द्या, मगच पुढे.

याच गुरुवारी आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. भट्टी बंद, पण पावसाळ्यात कॉईलमधून गार पाणी फिरतच असतं आणि कॉईलला घाम फुटतो, ती ओल लायनिंगला मागून लागते. म्हणून जुनं लायनिंग पाडताना एक तुकडा आडवा फोडून बघा. पुढे स्लॅग शोषलेला काळा थर, मग कडक भाजलेला, मागे सुटी भुकटी, असं दिसलं तर ठीक. मागची भुकटी उरलीच नाही, कॉईलपर्यंत सगळं दगड झालंय, तर तुम्ही नशिबावर चालवत होतात. आणि कॉईलच्या बाजूला तोच मैद्यासारखा पांढरा भुगा निघाला, तर पाण्याचं तापमान बघा. भोसरीच्या त्या भट्टीत दोन्ही सापडलं, गोदामातलंही आणि कॉईलमागचंही.