गोल्डफिश घरी आणण्याआधीची तयारी

नीट सांभाळलेला गोल्डफिश 10 ते 15 वर्षं जगतो, विशी ओलांडणारेही असतात. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 साली गेला, तेव्हा तो 43 वर्षांचा होता आणि गिनीज बुकात त्याची नोंद झालेली होती. आपल्याकडे मात्र मुलाच्या वाढदिवसाला आणलेला मासा पंधरवड्यात पाण्यावर तरंगताना दिसतो, आणि ‘गोल्डफिश टिकतच नाहीत’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातले बहुतेक मासे वाचू शकले असते. त्यासाठी मासा घरी येण्याआधी महिना-दोन महिने हाताशी हवेत. या यादीत मासा सगळ्यात शेवटी आहे.

आधी मासा कोणत्या जातीचा घ्यायचा ते ठरवा, टाकी त्यावरून ठरेल. ओरंडा, फॅनटेल, ब्लॅक मूर, रांचू हे गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे ‘फॅन्सी’ मासे संथ पोहतात आणि सहा-आठ इंचांपर्यंत वाढतात. कॉमेट आणि शुबंकिन लांबट, चपळ आणि फूटभर होणारे. त्यांना अंगणातला हौदच बरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फॅन्सीच घ्यावेत. दोन्ही प्रकार एकत्र ठेवू नका, कारण चपळ मासे खाणं संपवून टाकतात आणि गोल पोटाचे उपाशी राहतात. गोल्डफिशला सोबत लागते, म्हणून दोन आणायचे असं धरून पुढची खरेदी करा.

टाकी आपल्याकडे फुटांत मिळते. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला 28 नं गुणा, म्हणजे लिटर निघतात. दुकानात समोर मांडलेली 2 बाय 1 बाय 1 ची टाकी 56 लिटरची, दोन माशांना ती पुरत नाही. 3 बाय सव्वा बाय सव्वाची टाकी 130 लिटरच्या आसपास भरते, ती घ्या. भरल्यावर तिचं वजन दीडशे किलोच्या पुढे जाईल, तेव्हा मजबूत स्टँड आणि काचेखाली थर्माकोलची शीट हवीच. जागा उन्हाच्या खिडकीपासून लांबची असू द्या. गोल बाउलचा विचारही नको. त्यात पाणी थोडं, वरून हवा मिळायला तोंड अरुंद आणि फिल्टरला जागा नाही. रोम शहरानं तर 2005 साली असे बाउल वापरायला बंदीच घातली. ‘टाकी लहान ठेवली की मासाही लहानच राहतो’ हे ऐकून घेऊ नका. लहान टाकीत वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे, आणि त्याच पाण्यात त्याचं आयुष्यही घटतं. तळाला बारीक वाळू घाला किंवा तळ मोकळा ठेवा. गोल्डफिश दिवसभर तळ उकरतो, आणि वाटाण्याएवढी खडी त्याच्या तोंडात अडकते.

आता फिल्टर. दुकानदार टाकी देतो, मासे देतो, एअर पंप देतो, पण हे क्वचित सांगतो. गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते, आणि अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजात हळूहळू जिवाणू वस्तीला येतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोडं असेल तर मासा सोसतो. ही वस्ती बसायला चार ते आठ आठवडे लागतात. नवी टाकी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडले, की ते स्वतःच्याच विषात राहतात, आणि पंधरवड्यात मरतात ते याचमुळे.

म्हणून टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासा नसतानाच रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो, जिवाणूंना खायला मिळतं. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा मागून आणा. वेळ बराच वाचतो. पाणी तपासायचं थेंबांचं टेस्ट किट घ्याच, याच्यावर पैसे वाचवू नका. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्या, थेंब घाला, हलवून पाच मिनिटं थांबा. अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागलं आणि आठवडाभर तसंच टिकलं, म्हणजे टाकी तयार. फिल्टर त्यानंतर कधीही बंद ठेवायचा नाही, आणि त्याचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीननं सगळी वस्ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यायचा.

नळाच्या पाण्यासाठी अँटी-क्लोरीनची बाटली किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे घरात कायम ठेवा. रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ आलं की क्लोरीनची मात्रा वाढवतात, तेव्हा जास्त सावध राहा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी सायफननं तळाची घाण ओढत काढायचं आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी घालायचं. सगळी टाकी उपसून घासायची गरज नाही. त्यानं मासा हादरतो आणि जिवाणूही जातात.

खाण्यात बुडणाऱ्या गोळ्या घ्या, तरंगणाऱ्या असतील तर आधी भिजवा. मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. गोल्डफिशला जठर नसतं, ढकललेलं सगळं आतड्यात जातं. अधूनमधून साल काढलेला उकडलेला मटार द्या, पोट साफ राहतं. पाव, पोळी, कुरमुरे नकोत. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः आजी-आजोबांना. खाणं देणाऱ्याला मासा ओळखायला लागतो आणि दिसला की काचेला येऊन भिडतो. त्याला दरवेळी भूक लागलेली असतेच असं नाही.

घरातल्या काही सवयी आधीच बदलाव्या लागतील. डासांची कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. त्या खोलीत जाळी लावा. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर टाकी झाकून पंप बंद करा, मग खोलीत वारा खेळू द्या. उन्हाळ्याचीही तयारी आत्ताच करा. पाणी 18 ते 24 अंशांत असलेलं चांगलं, हीटर लागत नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण 7.5. नागपूर-चंद्रपूर-जळगावच्या मे महिन्यात मासा वर येऊन धापा टाकताना दिसतो तो त्यामुळे. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन लावा, एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) वाढवा, गोठवलेली बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवा. लोडशेडिंग असलेल्या गावी बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा. गणपतीला पाच-सात दिवस गावी जाणार असाल तर काळजी नको, मोठा निरोगी मासा तेवढे दिवस खाण्यावाचून राहतो. शेजाऱ्यांना फक्त फिल्टर चालू आहे ना, एवढं बघायला सांगा.

थर्मामीटर, बिगर-आयोडीन मीठ आणि आजारी माशाला वेगळं ठेवायला एक मोठा टब जमवून ठेवा. बदली झाली, घर बदललं तर मासे कोण घेईल हेही आज बोलून घ्या. नदीत, तलावात गोल्डफिश सोडायचा नाही. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांना त्रास होतो.

मग दुकानात जा. पाठीवरचा पर ताठ असलेला, डोळे स्वच्छ असलेला, खाणं दिसताच धावणारा मासा निवडा. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर घेऊ नका. फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला असतील तर तो वयात आलेला नर आहे, रोग नव्हे. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर रिकाम्या हातानं परत या. घरी पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, टाकीचं पाणी थोडं थोडं आत घाला, आणि मासा जाळीनं काढून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या रात्री दिवा बंद, खाणं नाही. पुढचे दोन आठवडे अमोनिया रोज तपासा. टेस्ट किटच्या नळीतलं पाणी जराही हिरवट दिसलं तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला आणि खाणं निम्म्यावर आणा.