शिवारातल्या गायरानात पोरांना जगाचे बायोम कसे दाखवायचे

भूगोलात बायोमचा, म्हणजे हवामानानुसार ठरणाऱ्या झाडा-प्राण्यांच्या मोठमोठ्या पट्ट्यांचा, धडा आला की रंगीत नकाशा येतो. टुंड्रा (ध्रुवाकडचा गोठलेला मुलूख) जांभळा, तैगा (थंड मुलखातलं सूचिपर्णी जंगल) गडद हिरवा, वाळवंट पिवळं. पोरं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरतात. मी वाशीम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. वर्गातल्या एका पोरीनं विचारलं होतं, "सर, आपल्याकडे तं जंगलच नाही, मंग आपला बायोम कोणता?" तिचं घर गायरानाला लागून. तेव्हापासून हा धडा मी गायरानातच घेतो. तुम्ही शिक्षक नसाल आणि घरचीच दोन पोरं हाताशी असतील, तरी जमेल.

सुरुवात जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी. पत्र्याचा सरळ डबा घ्या. तोंड आणि बूड सारखंच रुंद हवं, नाहीतर माप चुकतं. झाड-छपरापासून दूर, विटांच्या आधारानं पक्का बसवा. रोज परिपाठाआधी एका पोरानं पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजायचे, वहीत लिहायचे, पाणी ओतून द्यायचं. दिवाळीला बेरीज करा. मग सांगा, की वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर वाळवंट, आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यात 2000च्या वर. पोरं खरी चमकतात ती लंडनच्या आकड्याला. तिथे वर्षाकाठी 600च्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा कमी. पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन असं भाजत नाही. आपला जवळपास सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो, पुढचे आठ महिने जमीन त्यावरच काढते. पाऊस किती, कधी, आणि वर ऊन-थंडी किती, यावर बायोम ठरतो. एवढं वहीतल्या आकड्यांवरून कळलं की व्याख्या पाठ करून घ्यायची गरज नाही.

वर्षावनासाठी, म्हणजे अॅमेझॉनसारख्या भरपूर पावसाच्या दाट जंगलासाठी, कडुनिंबाची पानांनी भरलेली फांदी न तोडता पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. उन्हात दोन-तीन तासांत आत थेंब दिसतात. अॅमेझॉनची झाडं अशीच जमिनीतलं पाणी हवेत सोडतात आणि त्याच वाफेचा पाऊस पुढच्या मुलखात पडतो. म्हणून तिथलं जंगल तोडलं की लांबच्या शेतकऱ्याचंही पाणी तुटतं.

टुंड्रासाठी किराणा दुकानातला आइस्क्रीमचा फ्रीझर चालतो, दुकानदार ओळखीचा असला म्हणजे झालं. ओल्या पाल्याच्या दोन पुड्या करा, एक फ्रीझरमध्ये, एक वळचणीला. आठवड्यानं दोन्ही उघडा. बाहेरचीला वास सुटलेला असतो, आतली होती तशी. उत्तर ध्रुवाकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचा पाला-मुळं अशीच न कुजता पडून आहेत. हवेत जितका कार्बन आहे त्याच्या दुपटीच्या आसपास त्या जमिनीत आहे. ती वितळली की सगळं कुजायला लागणार.

आता मुख्य काम, आपला माळ. पोळा झाल्यावर जा, तेव्हा गवतं फुलोऱ्यावर यायला लागतात. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन मीटरभर लांब-रुंद चौकोन आखा आणि त्यात वेगवेगळी गवतं किती ते मोजायला लावा. पोरं पहिल्यांदा "एकच" म्हणतात. इथे गुरं चारणारा एखादा म्हातारा सोबत हवाच. आमच्याकडच्या आबाजींनी खाली बसून एकेक काडी वेगळी काढली. हा मारवेल, फुलायच्या आधी गाय हावरटासारखी खाते. हा पवन्या. ही कुसळी, हिचं बी मेंढीच्या कातड्यात घुसते. "गवत गवत काय करता गुरुजी, सारं सारखं असते काय?" मला बीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग गावाजवळच्या मुरमाच्या खदानीवर न्या. कडेपासून लांब उभं करा, पावसाळ्यात दरड सुटते. जेसीबीनं कापलेल्या उभ्या भिंतीत वर गुडघाभर गवत दिसतं आणि खाली, वीतभर मातीच्या पार, मुरमाच्या फटीफटींतून मुळं उतरलेली. फेटा सोडल्यावर लोंबावा तसा मुळ्यांचा झुबका. वणवा लागला, ढोरांनी चरलं, एप्रिलमध्ये 44 अंशांवर पारा गेला, तरी मृगात गवत परत फुटतं ते या मुळांच्या जिवावर. वर्षावन आपला कार्बन बराचसा खोडा-फांद्यांत ठेवतं, माळ जमिनीखाली ठेवतो. म्हणून माळ नांगरला की ठेवा उघडा पडतो. अमेरिकेत प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांची, गवतं उपटून गहू पेरला, 1930च्या दशकात दुष्काळ पडला आणि मातीच उडून गेली.

माळावर एखादा हिवर असेल तर त्याच्याखाली बसून आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या माळाचा फोटो दाखवा. तिथलं छत्रीसारखं झाड हिवराच्याच गोतावळ्यातलं. पोरांना आपला बायोम तेव्हा सापडतो: सवाना, म्हणजे मधूनमधून झाडं असलेला गवताळ माळ.

इथे माझं मत स्पष्ट आहे. गायरान सरकारी कागदावर "पडीक" असतं म्हणून वृक्षारोपणाचे खड्डे तिथेच पडतात. गिरिपुष्प, सुबाभूळ दाट लावलं की सावलीत गवत मरतं. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतावर उंच उड्या मारून मादीला बोलावतो; त्याला मोकळा माळ लागतो. हा पक्षी 2021पासून आययूसीएन या जागतिक संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि अकोला-वाशीमच्या माळांवर अजून येतो. काळविटालाही लांबवर दिसलं पाहिजे आणि पळता आलं पाहिजे. खात्री करायची तर कारंजा-सोहोळ अभयारण्यात पोरांना घेऊन जा. झाडं लावायचीच तर शाळेभोवती, नाल्याच्या काठी, बांधावर लावा.

शेवटचं काम कागदाचं, पण टाळू नका. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि गावातली झाडं-प्राणी लिहून ठेवायची लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या वहीत वड, पिंपळ, आंबा होता. गवताचं एकही नाव नव्हतं. पोरांच्या चौकोनातली यादी गावच्या नावांनी घाला. फुलोरा कोणत्या महिन्यात, कापणी कधी, कोणती ढोरं चरतात, हे आबाजींसारख्यांच्या तोंडून लिहून घ्या. बी झडेपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, माळाचा एक तुकडा आळीपाळीनं चराईबंद ठेवायचा ठराव मांडा. मात्र त्याआधी गुरं-मेंढ्या चारणाऱ्यांशी बोलून तुकडा त्यांनाच ठरवू द्या. ठराव ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आधीच घ्यायला सांगा, ऐनवेळचे विषय रात्री नऊनंतर उरलेल्या पाच माणसांसमोर येतात.